मदत हवी आहे: डोळ्याच्या पडद्याची मुख्य धमनी बंद, आता पुढे काय?

वडील ६४ वर्षांचे, रक्तदाब आहे. काल सकाळी उजव्या डोळ्याची नजर एकदम गेली, दुखलं अजिबात नाही. आजच्या तपासणीत पडदा फिकट, मधोमध लाल ठिपका. थेंब देऊन आठवड्याने बोलावलंय. नजर परत येईल का? तोवर काय करू?

प्रतिसाद १
आठवडा थांबू नका. त्यांना आत्ताच मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. हा पडद्याला झालेला पक्षाघातच आहे, आणि मेंदूच्या पक्षाघाताचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. नजर गेल्याची वेळ आणि चालू गोळ्यांची यादी लिहून न्या.

नजरेबद्दल स्पष्ट सांगतो. रक्त थांबल्यावर पडदा काही तासांतच कायमचा निकामी होतो. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा विचार साधारण साडेचार तासांच्या आत होतो, ती वेळ गेली. डोळा चोळणं, त्यातलं पाणी काढणं यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. त्यात वेळ घालवू नका.

प्रतिसाद २
तिथे मेंदूचा एमआरआय, मानेच्या धमन्यांचा डॉप्लर (सोनोग्राफी) किंवा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन), ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), साखर आणि कोलेस्टेरॉल होईल. त्याच बाजूची कॅरोटिड (मानेतली मुख्य धमनी) ७० टक्क्यांहून जास्त अरुंद निघाली तर शस्त्रक्रिया शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करतात. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, अधूनमधून अनियमित होणारे ठोके होल्टरवर (सलग बराच वेळ ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावर) सापडतात. तसे सापडले तर सहसा ॲस्पिरिनऐवजी रक्त गोठू न देणारं औषध लागतं. म्हणून ॲस्पिरिन घरच्या घरी सुरू करू नका, आणि रक्तदाबाच्या गोळ्याही मनाने वाढवू नका.

प्रतिसाद ३
पन्नाशीनंतर एक गोष्ट हमखास विचारा: चावताना जबडा दुखतो का, केस विंचरताना टाळू हुळहुळते का, कानशिलाजवळ नवीन डोकेदुखी आहे का? ही धमन्यांना सूज आल्याची लक्षणं असू शकतात, आणि तशी सूज असेल तर दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो. ईएसआर, सीआरपी (सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), प्लेटलेट आजच करा. शंका दाट असेल तर बायोप्सीची (कानशिलाच्या धमनीचा तुकडा तपासण्याची) वाट न पाहता डॉक्टर स्टिरॉइड सुरू करतात.

धागाकर्ता
निघतोय. जबडा दुखतो म्हणाले, हे कुणी विचारलंच नव्हतं.

प्रतिसाद ३
तातडीच्या विभागात पोचताच पहिलं वाक्य हेच सांगा. आणि डोळ्याची तपासणी पुढचे तीन-चार महिने दरमहा चालू ठेवा. बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या उगवून डोळ्यातला दाब वाढू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी दाखवा.