‘अरेषीय’ म्हणजे वाकडा?

प्रश्न : एका विज्ञानलेखाचं भाषांतर तपासतोय. मथळा आहे, ‘तरंग, प्रवाह आणि पदार्थ यांची अरेषीय आंतरक्रिया’. अरेषीय म्हणजे सरळ रेषेत न जाणारे तरंग, असंच ना? की ‘अरैखिक’ हवं?

प्रतिसाद १ : दोन्ही चालतं. एक ‘रेषा’वरून, दुसरं ‘रेखा’वरून. लेखभर एकच ठेवा म्हणजे झालं. अर्थ मात्र तो नव्हे. भिंगातून जाताना किरण वाकतो, तरी तो मामला रेषीयच. ही रेषा वाटेवरची नाही, आलेखावरची आहे. मूळ कारण दुप्पट केलं की परिणामही दुप्पट, तर रेषीय. हे प्रमाण मोडलं की अरेषीय.

प्रतिसाद २ : प्रमाणाइतकंच अध्यारोपणही, म्हणजे तरंगांचं एकमेकांवर पडणंही, महत्त्वाचं. रेषीय माध्यमात दोन तरंग एकमेकांतून आरपार जातात आणि कुणावर ओरखडाही उमटत नाही. भेटीच्या जागी नुसती बेरीज होते, ते व्यतिकरण. त्याला ‘आंतरक्रिया’ म्हणू नये. कुणी कुणाला काही केलेलंच नसतं! अरेषीय माध्यमात तरंग माध्यमाचेच गुणधर्म बदलतो आणि मग त्याला स्वतःला, शिवाय सोबतच्या तरंगांनाही, त्या बदललेल्या माध्यमातून वाट काढावी लागते. 1961 साली मिशिगन विद्यापीठात माणिक लेसरचा 694.3 नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल झोत क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून सोडला, तर पलीकडे किंचितसा 347 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाशही सापडला. तरंगलांबी निम्मी, म्हणजे वारंवारता थेट दुप्पट. गंमत अशी की छापील निबंधातल्या छायाचित्रात त्या अतिनील प्रकाशाचा ठिपका दाखवणारा बाण आहे, पण ठिपकाच नाही. डाग समजून तो छपाईआधी काढून टाकला गेला, असं सांगतात.

प्रश्नकर्ता : आणि प्रवाह? ओघाविरुद्ध जाणाऱ्या लाटा उंच होतात, ते अरेषीय?

प्रतिसाद १ : तेवढ्यावरून नाही. समोरून प्रवाह आला की लाट आखडते आणि उंचावते, हे रेषीय गणितातही येतं. चढ फार उभा होऊन ती फुटायला लागली, की ते गणित हात टेकतं. उलट बाजूनेही पाहा : तीव्र ध्वनी द्रवात एका दिशेचा प्रवाह सुरू करतो, हे मात्र अरेषीय. त्याला कुणी ‘ध्वनिप्रवाह’ लिहितं, मला ते पटत नाही. वाहतो तो द्रव, ध्वनी नव्हे. ‘ध्वनिजन्य प्रवाह’ लिहा.

प्रतिसाद ३ : ‘ओरखडाही नाही’ ही रेषीयाची खूण मानली, तर सॉलिटॉनचं, म्हणजे आकार न बदलता पुढे जाणाऱ्या एकट्या अरेषीय लाटेचं, काय? तेही आरपार जाऊन जसेच्या तसे बाहेर येतात की!

प्रतिसाद २ : आकार तसाच राहतो, जागा नाही. उथळ पाण्यातला उंच, वेगवान सॉलिटॉन बुटक्याला गाठून पुढे जातो, तेव्हा तो एकटा असता तर जिथे असता त्याच्या थोडा पुढे निघतो आणि बुटका थोडा मागे पडतो. एवढा सरकाव पुरे. तिथे ‘आंतरक्रिया’ बिनधास्त लिहा.