शब्दचर्चा: 'प्लॉट होल'ला मराठीत काय म्हणायचं, आणि जादूगाराची 'हूल'

गोदाकाठचा
परवा रात्री घरच्यांना 'कोलंबो' या अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिकेचा (कोलंबो म्हणजे त्यातला पोलीस अधिकारी) एक जुना एपिसोड दाखवला, १९७६ मधला 'नाऊ यू सी हिम', ज्यात जॅक कॅसिडीने ग्रेट सॅन्टिनी नावाचा जादूगार केलाय. मी मधेमधे थांबवून सांगत होतो की बघा इथे मिसडायरेक्शन आहे (बघणाऱ्याचं लक्ष मुद्दाम भलतीकडे वळवणं), इथे प्लॉट होल आहे (गोष्टीत लेखकाकडून नकळत राहिलेली न पटणारी जागा), तर आजी म्हणाली, "अरे काय आहे ते मराठीत सांग की." आणि मला सांगताच येईना. दिवसभर मराठीत बोलतो, मराठीत भांडतो आणि दोन साधे शब्द तोंडात नाहीत, फार लागलं ते मनाला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: सॅन्टिनीला पेटीत बंद करून पेटी पाण्याच्या टाकीत सोडतात. खरं तर तो त्याआधीच पेटीच्या तळातून, स्टेजच्या फळीतून खाली सटकलेला असतो. मग वेटरचे कपडे घालून किचनमधून वर जातो, क्लबच्या मालकाच्या ऑफिसचं कुलूप उघडतो, त्याला गोळी घालतो आणि परत येऊन टाळ्या घेतो. मालक त्याला गुपित फोडायची धमकी देऊन पैशासाठी पिळत असतो, कारण सॅन्टिनी मुळात एसएस या नाझींच्या दलातला माणूस. कोलंबोत खुनी कोण हे पहिल्यापासून माहीत असतं, म्हणजे आपण जादूचा खेळ पडद्यामागून बघत असतो. त्यामुळे युक्ती कुठली आणि चूक कुठली हे नीट वेगळं सांगता यायला पाहिजे असं मला वाटतं.

मिसडायरेक्शनला मला तरी 'हूल'च बरोबर वाटतो. कबड्डीत चढाईवाला उजवा पाय असा टाकतो की सगळी साखळी तिकडे झुकते आणि तो डावीकडे हात मारून येतो, ती हूल. लहानपणी बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीच्या काठी, एक म्हातारा तीन वाट्या आणि एक लाल गोळी घेऊन बसायचा, मी अगदी त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. तो डावी वाटी उचलताना "हां, बघा बघा" म्हणून भुवया वर करायचा, आपण त्याच्या तोंडाकडे बघायचो आणि तेवढ्यात उजव्या हाताची करंगळी वाटीखाली जाऊन यायची. पाच-सहा बुधवार नुसती करंगळीच बघत बसलो तेव्हा कुठे दिसलं. ती भुवई म्हणजे हूल आणि करंगळी म्हणजे हातचलाखी. दोन्ही एकच नाही.

आता प्लॉट होल. सुचवा.

सिडकोकर
'हूल'ला शंभर टक्के मत. फक्त 'हुलकावणी' वेगळी ठेवा हं, लोक मिसळतात. पाऊस हुलकावणी देतो म्हणजे येतो येतो म्हणतो आणि येत नाही, आमच्या द्राक्षवाल्यांना विचारा. हूल देणारा मात्र येतो, दुसरीकडून येतो.

आणि 'नजरबंदी' पण वाचवायला पाहिजे. हिंदी बातम्यांमुळे आता तो शब्द घरात कोंडलेल्या पुढाऱ्यांसाठी वापरायला लागलेत, त्याला आपल्याकडे नजरकैद किंवा स्थानबद्धता आहे ना. आपली नजरबंदी म्हणजे जादूगाराने सगळ्या प्रेक्षकांचे डोळे बांधून टाकणे.

प्लॉट होलला 'कथाछिद्र' कसं वाटतं? छिद्र म्हणजे दोष हा अर्थ आहेच मराठीत, छिद्रान्वेषी म्हणतोच की आपण.

गोदाकाठचा
दादा, शब्द चुकीचा नाही पण कथाछिद्र म्हटलं की सरकारी परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. आजीपुढे नाही चालणार. शिवाय छिद्रान्वेषी म्हणजे उगाच दोष काढत बसणारा, मला तर हा एपिसोड फार आवडतो, मी प्रेमाने बघतोय.

दुसरी अडचण अशी की या गोष्टीत भोकं मुद्दाम ठेवलेली पण आहेत. पेटीचा तळ, स्टेजची फळी. त्यांना मराठीत झकास शब्द आहेत, चोरदार, चोरकप्पा, चोरखिसा, चोरवाट. 'चोर' लावला की कळतं की हे करणाऱ्याने लपवून ठेवलंय. प्लॉट होल लपवलेलं नसतं, लेखकाला माहीतच नसतं ते.

टायपिंगवाली मावशी
मी पण बघितलाय हा, मुलाने लावून दिला होता. त्यातलं सगळ्यात मोठं भोक कोणी बोलतच नाहीये. शेवटी कोलंबो टाइपरायटरच्या रिबनवरून मालकाने टाइप केलेलं, सॅन्टिनीचं बिंग फोडणारं पत्र वाचून काढतो. अरे असं होतच नाही! मी टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही, मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षा दिल्यात, नाशिकरोडला क्लासला जायचे, रिबन बदलून बोटं काळी झालेली असायची. वर काळी खाली लाल कापडी पट्टी, या रिळावरून त्या रिळावर जायची आणि संपली की उलटी फिरायची, पार फिकी पडेपर्यंत. त्याच जागेवर शंभर अक्षरं आपटलेली. त्यातून देव जरी आला तरी पत्र वाचू शकणार नाही.

गोदाकाठचा
मावशी, तुम्ही सांगताय ते कापडी रिबनला एकदम बरोबर आहे. पण त्या ऑफिसातली मशीन इलेक्ट्रिक आहे आणि तिला कार्बन फिल्मची रिबन आहे. ती प्लास्टिकची पातळ पट्टी एकदाच पुढे जाते, उलटी फिरत नाही. अक्षर आपटलं की तेवढा कार्बन कागदावर जातो आणि पट्टीवर त्या अक्षराच्या आकाराची मोकळी जागा राहते. एकापुढे एक अक्षर, सलग. उजेडासमोर धरून वाचता येतं. खुनी पत्र घेऊन गेला पण पत्राची ती साल मशीनमध्येच राहिली.

म्हणजे हे प्लॉट होल नाही, ही खुन्याची चूक आहे. आणि काय सुंदर चूक! ज्या माणसाचं पोट दुसऱ्याचं लक्ष कुठे आहे त्यावर चालतं, त्याचं स्वतःचं लक्ष कागदावर राहिलं आणि रिबनवर गेलं नाही. लेखकांनी ती तिथे मुद्दाम ठेवली आहे.

टायपिंगवाली मावशी
अस्सं होय. आमच्या क्लासला असली मशीन कुठली असायला, मी बघितलीच नव्हती रे. म्हणजे मला नुसतं खटकलं होतं.

गोदाकाठचा
मावशी, हा शब्द तुम्ही मोलाचा दिलात! 'खटकणं' हे बघणाऱ्याचं असतं, ते खरं पण निघेल नाहीतर खोटं पण. तुमच्या बाबतीत गोष्ट पक्की होती, रिबन वेगळी होती. दर वेळी खटकलं की लगेच प्लॉट होल म्हणून मोकळे होतात लोक, त्याच्या आधीची ही पायरी मराठीत आयती आहे.

मला स्वतःला खटकलेलं आणि अजून खटकतच असलेलं सांगतो. रोज रात्री त्याच क्लबात खेळ करणारा, ज्याचा चेहरा तिथल्या सगळ्यांना पाठ आहे असा माणूस वेटर बनून भर गर्दीच्या किचनमधून जातो आणि एकही आचारी मान वर करून बघत नाही? आपल्याकडे मिसळीच्या हॉटेलात एक नवा पोऱ्या आला तरी तर्रीवाल्यापासून गल्ल्यावाल्यापर्यंत सगळे विचारतात, हा कोण रे. याला रिबनसारखं उत्तर मला सापडलेलं नाही. याला काय म्हणू?

सिडकोकर
'पाणी मुरतंय' म्हणता येईल का?

गोदाकाठचा
ते कोलंबोच्या तोंडी शोभेल दादा, कारण पाणी मुरतं तिथे कोणीतरी मुरवत असतं. तो निघता निघता दारातून मागे वळून "अजून एकच विचारायचं होतं" म्हणतो ना, तेव्हा त्याला पाणी मुरताना दिसलेलं असतं. आणि तसं बघितलं तर ती पण हूलच, चाललो चाललो दाखवायचं आणि परत यायचं. सॅन्टिनीला तो स्टेजवर सगळ्यांसमोर बेड्या घालतो, तो रुबाबात त्या सोडवून दाखवतो आणि कुलूप उघडायची कला याच्याकडे आहे हे स्वतःच सिद्ध करून बसतो. जादूगाराला हूल दिली त्याने.

टायपिंगवाली मावशी
बाळा, मी टायपिंगच्या आधी शिवण शिकले होते. आमच्या बाई ब्लाउज उलटा करून, दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणून बघायच्या. वरून इस्त्री केलेलं, छान दिसणारं, पण ताणलं की एका ठिकाणी दोऱ्याची फट उघडायची. त्या म्हणायच्या, "इथे टाका सुटलाय." कापड चांगलं, माप बरोबर, फक्त टाका सुटलाय. तुझ्या त्या किचनचं तेच आहे.

गोदाकाठचा
टाका सुटलाय! मावशी, हाच. यात लेखकाला शिवी नाही, गोष्ट टाकाऊ आहे असं पण नाही, आणि ताणून बघितल्याशिवाय दिसत नाही हे सगळं त्यात आलं. मोठाच घोळ असेल तर पुढे 'शिवणच उसवली' म्हणता येतं.

आत्ता आजीला जाऊन सांगितलं, "किचनमधून जातो ना तो, तिथे टाका सुटलाय." ती म्हणाली, "हो, मला पण वाटलं तेव्हाच, त्याला कोणी ओळखलं कसं नाही." आता रविवारी परत लावायचाय, ती म्हणते मला ती फळी सरकते कधी ते बघायचंय.