मदत हवी आहे: केबलवर १९० एमबीपीएस, वायफायवर जेमतेम ३८

मधला_जिना:
२०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. लॅपटॉपला राउटरची लॅन केबल लावली की १९० ते १९५ मिळतात. केबल काढून तोच लॅपटॉप वायफायवर घेतला की ३५ ते ३८. राउटर सहा फुटांवर, मध्ये भिंत नाही. पहाटे तेवढेच, रात्रीही तेवढेच. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही बँडचा आहे, नाव मात्र दोन्हींना एकच. रीस्टार्ट, फॅक्टरी रिसेट, ड्रायव्हर अपडेट करून झालं. राउटर बदलू का?

गच्चीवरून:
२.४ चा चॅनल (त्या बँडमधली लेन) 'ऑटो' असेल तर १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा दिसेल तो ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ४ वर दोन्हीकडचा गोंगाट ऐकावा लागतो. चॅनलची रुंदी २० वरून ४० मेगाहर्ट्झ करा, वेग दुप्पट होईल.

तारतम्य:
चॅनलचं बरोबर, ४० चं नको. २.४ चा अख्खा पट्टाच जेमतेम ८० मेगाहर्ट्झचा. सोसायटीत त्यातला अर्धा एकट्याने अडवला तर टकरी वाढतात. बरेच राउटर शेजारचं नेटवर्क दिसलं की आपोआप २० वर उतरतातही.

पण मुळात हा गर्दीचा प्रकार वाटत नाही. गर्दी असती तर पहाटे आकडा वर गेला असता. दिवसरात्र एकाच जागी अडकलाय म्हणजे मर्यादाच तेवढी आहे. राउटरला हात लावण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' चालवा (अक्षरं अर्थात इंग्रजी) आणि रेडिओ टाइप, चॅनल, रिसीव्ह रेट, सिग्नल हे चार इथे टाका.

मधला_जिना:
८०२.११एन, चॅनल ११, रिसीव्ह रेट ७२, सिग्नल ९४%. मोबाइलवर त्याच जागी १७० येतात.

तारतम्य:
मग राउटर निर्दोष. एक अँटेना, २० मेगाहर्ट्झ आणि 'एन' (८०२.११एन, वायफायची जुनी पिढी) या मेळाची कमाल ७२.२. दोन अँटेना असत्या तर १४४ दिसले असते. आणि हा हवेतला कच्चा दर आहे. वायफायवर एका वेळी एकच जण बोलतो, शिवाय प्रत्येक खेपेला पोचपावती आणि मधली थांबाथांब. हातात साधारण निम्मे ते ६०% पडतात. म्हणजे ३८ हे ७२ च्या मानाने योग्यच. जुन्या टीकेआयपी सिक्युरिटीवर असतात तर दर ५४ वर अडकला असता, तेही इथे नाही.

आता 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' चालवा. रेडिओ टाइप्सच्या ओळीत 'एसी' किंवा 'एएक्स' (नंतरच्या पिढ्या) आहे का?

मधला_जिना:
फक्त बी, जी, एन.

तारतम्य:
मग लॅपटॉपचं वायफाय कार्ड बहुधा २.४ पुरतंच. 'एन' तसं ५ वरही चालतं, पण स्वस्त एक-अँटेना कार्डांत ते सहसा नसतं. खात्रीसाठी राउटरमध्ये ५ ला वेगळं नाव द्या. लॅपटॉपच्या यादीत ते दिसलंच नाही तर प्रश्न मिटला.

सोपा उपाय यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून लावायचं वायफाय कार्ड. खोक्यावरचा 'एसी१२००' म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची वर गोल केलेली बेरीज, तो वेग कधीच मिळत नाही. ५ वरचे ८६७ धरा, तुमच्या प्लॅनला भरपूर. 'एसी६००' चे ४३३ काठावर पुरतील. नखाएवढे डोंगल टाळा, अँटेनाला जागाच नसते.

आतलं कार्ड बदलायचं तर स्लॉट एम.२ (लहान कार्डांची खाच) आहे का बघा. इंटेलचं घेताना एएक्स२१० चालेल, एएक्स२०१ नको: ते इंटेलच्या ठरावीक चिपसेटवरच चालतं. शिवाय एक-अँटेनाच्या लॅपटॉपमध्ये वायरही अनेकदा एकच ओढलेली असते. काही कंपन्यांचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) परकं कार्ड स्वीकारतच नाही.

डेसिबल:
५ वर चॅनल ३६ किंवा १४९ ठेवा, रुंदी ८०. ५२ ते १४४ हे रडारशी वाटून घेतलेले. त्यांवर राउटर आधी किमान मिनिटभर कानोसा घेतो आणि काही डोंगलना ते दिसतच नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा, ५ गिगाहर्ट्झ आरसीसीच्या भिंतीला लवकर हार मानतं. दोन खोल्यांपलीकडे हवं असेल तर रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र) नको, एकाच रेडिओवर घेणं-देणं करून तो वेग निम्मा करतो. कॅट५ई (गिगाबिटला चालणारी लॅन) केबल ओढून जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे तिथला वायफाय देणारा, करा: त्याचा आयपी (नेटवर्कमधला पत्ता) बदला, डीएचसीपी (इतरांना पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल वॅन (इंटरनेटचं पोर्ट) सोडून लॅन पोर्टात लावा. केबलवर ९४ च्या वर जात नसेल तर दोन्ही टोकांपैकी एकाचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे किंवा केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

मधला_जिना:
५ चं वेगळं नाव लॅपटॉपला दिसलंच नाही. एसी१२०० डोंगल लावला, चॅनल ३६. रिसीव्ह रेट ८६६.७, स्पीडटेस्ट १८८. आतल्या खोलीत ११०. राउटर तोच ठेवलाय.