नववीचं कोनाचं गणित अडलंय (सोसायटी ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

बी-२०४: कुणी जागं हाय का, लेकीचं नववीचं गणित अडलंय आणि सकाळी वही दाखवायचीय. दोन रेषा एकमेकींना छेदतात, शेजारशेजारच्या दोन कोनांवर (२एक्स + वाय) आणि (३एक्स + २वाय) लिहिलंय, एक्स वाय काढा म्हणून. रेषीय जोडी (एका सरळ रेषेवरचे शेजारचे दोन कोन) म्हणून तिनं बेरीज १८० धरली, ५एक्स + ३वाय = १८० आलं आणि तिथंच थांबलीय, तासभर झाला पोरगी रडकुंडीला आलीय. फोटो टाकते

ए-१०१: वहिनी चारी कोन मिळून ३६० होतात की, ते दुसरं समीकरण घ्या

बी-२०४: तेपण केलं दादा. १०एक्स + ६वाय = ३६०. पहिल्याला २ नं गुणून वजा केलं तर ० = ० येतंय, आता म्हणते माझंच कायतर चुकलं

सी-३०२: मी ॲपमध्ये फोटो टाकला, अनंत उकली आहेत म्हणतंय

डी-१०३: आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सकाळी टाकतो, आधी हे होऊ द्या. सर आहेत का बघा

ए-४०३ सर: आहे आहे. पोरीचं काहीच चुकलेलं नाही हे तिला आधी सांगा. ३६० वालं समीकरण पहिल्याचीच दुप्पट आहे, समोरासमोरचे कोन सारखे म्हणून तीच दोन पदं परत मिळवली गेली, नवीन काही कळलंच नाही, म्हणून ० = ०. तिला भडंगाचं उदाहरण द्या. ५ पुड्या भडंग आणि ३ चिक्क्या मिळून १८० रुपये झाले तर एका पुडीची किंमत कोण सांगणार? भडंग ३० चिक्की १० बसतं, भडंग २४ चिक्की २० पण बसतं. आणि १० पुड्या ६ चिक्क्यांचं ३६० चं बिल दाखवलं तरी आपण तिथंच, खरेदीचं प्रमाणच वेगळं पाहिजे. ॲपपण बरोबर आहे, त्याला जेवढं दिसलं तेवढ्यावरनं सांगितलं. गणितात अजून काहीतरी दिलेलं असणार बघा, फोटोत खालचा कोपरा अंगठ्याखाली गेलाय

बी-२०४: थांबा सर परत काढते

बी-२०४: सर खाली ७० लिहिलंय!! (२एक्स + वाय) च्या बरोब्बर समोर

ए-४०३ सर: मग सुटलं. विरुद्ध कोन सारखे म्हणून २एक्स + वाय = ७०. आणि ७० च्या शेजारचा १८० मधनं वजा करून ३एक्स + २वाय = ११०. आता ही दोन खरोखर वेगळी समीकरणं झाली. पुढचं मी सांगत नाही, तिला करू दे. पहिल्याला २ नं गुणायचं म्हणजे वाय सारखे होतील, मग वजाबाकी. गुणताना ७० ला पण गुणायचं, मुलं डावीकडंच गुणतात आणि उजवीकडं ७० तसाच ठेवतात, तीस वर्षं वह्या तपासताना हीच चूक सगळ्यात जास्त बघितली

ए-१०१: सर मीपण कागद घेऊन बसलोय, १४० वजा ११०

ए-४०३ सर: तुम्ही उत्तर टाकू नका हं, तिचं आधी येऊ दे

बी-२०४: आलं आलं, एक्स ३० आणि वाय १०

ए-४०३ सर: शाब्बास. आता पडताळा लिहायला लावा, ६० + १० = ७०, ९० + २० = ११०, दोन्ही मिळून १८०. कारणं पण शेजारी लिहायची, विरुद्ध कोन, रेषीय जोडीतील कोन, त्याला गुण असतात. अशी गणितं दहावीत चक्रीय चौकोनावर (ज्याचे चारी कोपरे एका वर्तुळावर असतात) परत येतात, संमुख म्हणजे समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० धरून

सी-३०२: आमच्याकडं दहावीचा आहे, त्याला दाखवतो आत्ताच

बी-२०४: सर फार आभार, झोपली आता. झोपायच्या आधी मला म्हणाली, आई भडंगाचं दुसरं बिल २ पुड्या आणि १ चिक्कीचं ७० रुपये असलं पाहिजे

ए-४०३ सर: हे मी सांगितलं नव्हतं. उद्या तिला वही घेऊन वर पाठवा