९.३५ कोटी डॉलरचं चित्र ११.८ कोटींना: डीलरचा नफा की फसवणूक?

चौकट:
खतांच्या धंद्यातले रशियन अब्जाधीश दिमित्री रिबोलोव्लेव यांनी २००३ ते २०१४ या काळात स्विस डीलर इव्ह बूव्हिए यांच्यामार्फत ३८ कलाकृती घेतल्या, सुमारे २ अब्ज डॉलरना. २०१४ च्या अखेरीस जेवताना मोदिल्यानीच्या एका चित्राचा विषय निघाला आणि बिंग फुटलं. विकणाऱ्याला ९.३५ कोटी डॉलर मिळाले होते, रिबोलोव्लेवनी मोजले होते ११.८ कोटी. क्लिम्टचं एक चित्र १२.६ कोटींचं १८.३८ ला, लिओनार्दोचं मानलं जाणारं 'साल्वातोर मुंदी' सुमारे ८ कोटींचं १२.७५ ला. वर बूव्हिएंचे २ टक्के वेगळे! टक्केवारी घेतो तो दलाल, आणि दलालाने आपल्याच माणसापासून भाव लपवायचा नसतो.

हिशेबी:
साफ असहमत. सुरुवातीच्या करारांत विक्रेता म्हणून बूव्हिएंच्याच कंपनीचं नाव आहे. माल घेऊन पुढे विकणारा आपला खरेदीभाव कधी सांगतो? २ टक्के वाहतूक, विमा, तपासणी वगैरे खर्चाचे, असं त्यांचं म्हणणं. एवढी रक्कम मोजण्याआधी स्वतंत्र मूल्यांकन करून घेणं हे ग्राहकाचं काम.

आडवा प्रश्न:
मग त्या इमेलचं काय? 'मालक अमुक आकड्याला तयार नाही, मी खाली ओढतोय' अशा घासाघिशीच्या कहाण्या बूव्हिएंकडून ग्राहकाच्या माणसाला लिहिल्या जात होत्या. स्वतःच विक्रेता असाल तर घासाघीस कुणाशी? खरेदीभाव न सांगणं चालेल, खोटा सांगणं नाही.

हिशेबी:
इमेल वाईट दिसतात, मान्य. पण कोर्टात काय झालं? २०१५ मध्ये मोनॅकोत अटक झाली, पुढे तपासच पक्षपाती ठरून खटला रद्द. जिनिव्हातलं प्रकरण २०२३ मध्ये तडजोडीनंतर बंद. बूव्हिएंना साथ दिल्याच्या आरोपात न्यूयॉर्कच्या ज्युरीने जानेवारी २०२४ मध्ये सदबीज या लिलावघराला जबाबदार धरलं नाही.

चौकट:
तो शेवटचा खटला लिलावघरावर होता, बूव्हिएंवर नाही. आणि तडजोड म्हणजे निकाल नव्हे. विक्रेता की दलाल, यावर कुणीच शिक्का मारलेला नाही.

पानाआड:
घोळ 'नेट' भावाचा आहे. मालक म्हणतो, मला हातात इतके हवेत, वर काय ते तुझं. ही पद्धत सर्रास चालते, म्हणून नुसती '२ टक्के' ही ओळ कामाची नाही. करारात हवं: हा माझा एजंट आहे, समोरून त्याला छुपा पैसा घ्यायचा नाही, मूळ बीजक माझ्या वकिलाला दिसेल, रक्कम वकिलाच्या एस्क्रो खात्यातून (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवणारं खातं) थेट मालकाला, मालकी हक्काची हमी मालकाचीच, मधल्या कंपनीची नाही. मालकाला नाव झाकायचं असेल तर दोन वकिलांपुरतं उघड करावं.

हिशेबी:
कागदावर छान. दुर्मिळ चित्राचा मालक इतक्या अटी ऐकून दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळेल. आणि 'साल्वातोर मुंदी' २०१७ मध्ये ४५ कोटींवर गेलं, हेही लिहा की.

आडवा प्रश्न:
लिहितो, पण सोबत हेही: सुमारे ८.५ कोटींचं गोगँचं 'ते फारे' त्याच वर्षी सुमारे २.५ कोटींना गेलं. शिवाय पुढे भाव वाढला म्हणून आधीची थाप माफ होते, हा कुठला हिशेब?