मदत हवी आहे: कॅम्परसाठी ट्रेलर ६ × १२ घ्यावा की ७ × १४?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये डब्यांच्या आतल्या कामावर ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. बर्थ, फळ्या, खिडक्या, छताचे पत्रे हा माझा पोटापाण्याचा विषय. तरी गेले तीन आठवडे एका मापावर अडकून पडलोय, कारण वस्तू अमेरिकेतली आहे आणि मी ती डोळ्यांनी पाहिलेली नाही. इथे तिकडचे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा.

चिरंजीव ओहायोत, कोलंबसजवळ असतात. सूनबाई, ११ वर्षांची नात, ६ वर्षांचा नातू. तयार कॅम्परच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) किमती पाहून त्याने ठरवलंय की बंद मालवाहू ट्रेलर रिकामा घ्यायचा आणि आतलं घर आपणच करायचं. आम्ही दोघं मे महिन्यात पाच महिन्यांसाठी जाणार, तेव्हा सुतारकाम आम्ही बापलेक मिळून करणार. त्याने फोनवर हे सांगितलं त्याच दुपारी मी माळ्यावरून जुनी टेप काढली.

त्याचं म्हणणं, ६ × १२ घेऊ. एकच अ‍ॅक्सल (म्हणजे चाकांची एकच जोडी), हलका, स्वस्त, आणि गॅरेजमध्ये जाईल. माझं म्हणणं, ७ × १४.

आकडे फुटांत आहेत, आधी रुंदी मग लांबी, आणि रुंदी तरी बाहेरची. पुढचं टोकदार नाक असेल तर ते बहुधा वेगळं. ६ फुटी डबा आतून साधारण ५ फूट ८ इंच मिळतो, ७ फुटी साधारण ६ फूट ८. ओहायोच्या थंडीसाठी दोन्ही भिंतींना दीड दीड इंच फोम आणि त्यावर पातळ प्लाय लावला की आणखी तीन-चार इंच गेले. उरले अनुक्रमे ५ फूट ४ आणि ६ फूट ४. चिरंजीवांची उंची ५ फूट १०. म्हणजे ६ फुटीत माणूस आडवा होऊ शकतो, पण आडवा झोपू शकत नाही. झोपायचं तर डब्याच्या लांबीत पाय करून.

हे कागदावर कोणाला पटेना. म्हणून अगाशीत (तुमच्या भाषेत गच्चीवर) मांडून पाहिलं. नाहीतरी उन्हाळ्यात आम्ही वरच झोपतो. आधी खडूने रेघा मारल्या, त्या पायाने पुसल्या जायला लागल्या. मग सौ.ने रांगोळीने आतल्या मापाचा चौकोन काढून दिला, अगदी दाराच्या जागी दोन टिपके देऊन. पुतण्याची दोन मुलं आणि पुतण्या-सून धरून सहा जण आत. शेजारच्या अगाशीतून विचारणा झाली, "काका, आ शुं मांड्युं छे?" आता काय सांगणार. म्हटलं, अमेरिका.

पहिली रात्र ६ × १२ ची. साडेचार फूट रुंदीची गादी लांबीत टाकली की बाजूला १० इंच उरतात. त्यातून मांजर जाईल. सौ. भिंतीकडे, मी वाटेकडे. ती रात्री दोनदा उठते, गुडघे दुखतात, म्हणजे दोन्ही वेळा माझ्यावरून. सकाळी पाहिलं तर रेघ तीन ठिकाणी पुसलेली आणि माझ्या उशीच्या कडेला रांगोळीचं पांढरं पाऊल. मुलांना तर जागाच उरली नव्हती. ती मध्यरात्रीच रेघेबाहेर, म्हणजे ट्रेलरच्या भिंतीतून आरपार, गेलेली होती.

दुसऱ्या रात्री ७ × १४. गाद्या आडव्या टाकल्या, एक मागच्या टोकाला, एक पुढच्या. प्रत्येक गादी लांबीतले फक्त साडेचार फूट खाते. मध्ये पाच फूट मोकळे, तिथे ओटा आणि दार. आपल्या स्लीपरच्या डब्यासारखंच, मधल्या वाटेतून कोणीही उठावं. मुलांसाठी दोन्ही गाद्यांच्या वर एकेक अप्पर बर्थ. आतली उंची साडेसहा फूट मिळाली तर खालचा दीड फुटावर, वरचा चार फूट दोन इंचांवर, आणि वर सव्वादोन फूट. पोरांना पुष्कळ झाले. सगळे शांत झोपले.

गॅरेजचं मी निकालात काढलंय. त्याच्या गॅरेजचं दार ७ फूट उंच. ट्रेलरची तळाची फळी जमिनीपासून दीड फूट तरी वर, त्यावर आतली सहा फूट उंची, त्यावर छप्पर. सहा फुटी काय नि सात फुटी काय, दोन्ही बाहेरच राहणार. हे त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

खरी अडचण ओढण्याची आहे. त्याच्याकडे तीन रांगांची एसयूव्ही आहे, ५००० पौंड म्हणजे २२६८ किलो ओढते म्हणून लिहिलंय. तो एका विक्रेत्याकडे गेला, त्याने ऐकून सांगितलं, ५००० ना, मग काय बघायचं, कुठलाही न्या. मला हे पटत नाही. आमच्याकडे डभोई-मियागाम ही नॅरोगेज लाइन १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या काळात, सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढत होते. रूळ इंजिनाचा भार पेलणारे नव्हते म्हणून. ओढणारा आहे का एवढंच विचारून भागत नाही, भार कुठे कुठे पडतो तेही बघावं लागतं, एवढं आम्ही तिथून शिकलो.

तर प्रश्न: रिकाम्या ७ × १४ चं वजन किती भरतं, आणि आतलं काम झाल्यावर किती होतं? आम्ही वर्षातून एकदाच असणार, तर माप चौघांचं धरावं की सहा जणांचं? सौ.चं मत, तंबू घ्या आणि तंबूत तुम्ही झोपा.

जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद, मिशिगनहून

काका, रांगोळीची आयडिया भारी. मी तीन वर्षांपूर्वी ६ × १२ केला. आम्ही दोघंच आणि कुत्रा, तरी रोज सकाळी गादी उचलून टेबल करायचा कंटाळा येतो. चार माणसांना नकोच.

वजनाचं म्हणाल तर रिकामा ६ × १२ साधारण १२००-१३०० पौंड, दोन अ‍ॅक्सलचा ७ × १४ साधारण २०००. फोम, प्लाय, बर्थ, ओटा, बॅटरी धरून माझे ९०० पौंड वाढले, आणि मी कंजूषपणा करून केलंय. पाऊण इंची प्लायची एकेक शीट ६०-७० पौंडांची असते, ती बर्थला वापरूच नका, अर्धा इंची घ्या आणि खालून पट्ट्या मारा. पाण्याचा गॅलन ८.३ पौंड. २० गॅलनची टाकी भरली की एक मोठा माणूस आणखी बसला समजा.

एक अ‍ॅक्सलचे बरेच ट्रेलर एकूण २९९० पौंडांवर बांधलेले असतात. रिकामं वजन वजा केलं की काय उरतं बघा. तेवढ्यात सहा जणांचं घर बसत नाही.

प्रतिसाद, टेक्सासहून

५००० विसरा. मुलाला ड्रायव्हरचं दार उघडायला सांगा. खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको असं लिहिलेलं. ट्रेलरच्या जिभेचा भार, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या जोडावर (हिचवर) जो दाबतो तो, त्याच आकड्यातून जातो. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के तिथे यायलाच हवेत, कमी झाले तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. आणि तुम्ही दोघं गाडीतच बसणार ना? चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवणं बहुतेक राज्यांत चालत नाही.

आमच्या गाडीत हा आकडा पाहिल्यावर बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते इथे लिहीत नाही. डाएट चालू आहे.

प्रतिसाद, पुण्याहून

सहा जणांना ट्रेलर कशाला, धर्मशाळेत उतरा. (हलके घ्या.)

प्रतिसाद, उत्तर कॅरोलायनाहून

काका, एक गोष्ट कोणीच बोललं नाही. हे ट्रेलर मालासाठी बनवलेले असतात, मालाला आतून दार उघडावं लागत नाही. मागच्या दोन झडपांच्या दाराला बाहेरून दांड्याची कडी असते. मागे आडवी गादी टाकलीत तर तिथे झोपणाऱ्यांना बाजूचं एकच दार, तेही ओट्यापलीकडे. ओट्यावर काही पेटलं तर? मागे किंवा गादीशेजारी माणूस बाहेर पडेल एवढी उघडणारी खिडकी बसवाच, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. यात काटकसर नको.

दुसरं, छताला १४ × १४ इंचांच्या भोकाची चौकट ऑर्डर देतानाच करून घ्या. तिथे पंखाही बसतो आणि पुढेमागे एसीही. नंतर कापायला गेलात तर नेमका आडवा लोखंडी पट्टा मध्ये येतो. तुमच्यासारख्या माणसाला सांगायला नको, पण सहा जणांचा श्वास थंड पत्र्यावर जमतो आणि सकाळी उशीवर ठिबकतो.

आणि ६ × १२ किंवा ७ × १४ असंच का? ७ × १२ मिळतो की.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पुणेकरांचेही.

स्टिकर पाहिला. १३४० पौंड. काल रात्री मुलगा फोनवर आकडे सांगत होता आणि मी इकडे पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर मांडत होतो. तो १७०, सूनबाई १३५ (हे त्याने हळू आवाजात सांगितलं), पोरं मिळून १२८. आम्ही दोघं २९०. झाले ७२३. गाडीतल्या बॅगा आणि हिचचं लोखंड धरून १५० आणखी. उरले ४६७. एवढाच दाब जिभेवर चालेल.

जीभ १३ टक्के धरली तर भरलेला ट्रेलर ३६०० पौंडांच्या आत हवा. आमचा ७ × १४, रिकामा २०००, त्यात काम १३००, त्यात पाणी, भांडी, गाद्या ४००. ३७००. म्हणजे अगाशीत ज्या मापात सगळे शांत झोपले ते आम्हीच गाडीत बसल्यामुळे बसत नाही. आम्ही नसताना तोच ट्रेलर आरामात चालतो. हे वाचून सौ. म्हणाली, बघा, तंबू.

पण ७ × १२ ने सुटका केली. कॅरोलायनावाल्यांनो, तुमचं तोंड गोड करायला हवं, नाही, शेव उसळ, बडोद्याची, तिखट. त्याचं रिकामं वजन मुलाने विचारलं, १७५० सांगितलं. काम ११०० मध्ये बसवायचं, पाऊण इंची प्लाय बंद. सामान ३५०. एकूण ३२००, जीभ ४१६. बसतं. रुंदी ७ च असल्यामुळे गाद्या आडव्याच राहतात, कमी होते फक्त मधली जागा, पाचाची तीन फूट. साडेचार, तीन, साडेचार. पुढची गादी दिवसा टेबल-बाकं होणार, मागची कायमची. तिथे आम्ही, वर नात.

रांगोळी पुसून ७ × १२ पुन्हा काढली. मागच्या गादीशेजारी खिडकीची चौकट काढली, दोन फूट बाय दीड. त्यातून मी बाहेर पडून दाखवावं असा पुतण्याच्या मुलाचा आग्रह. पडलो. म्हणजे जमिनीवर आडव्या काढलेल्या चौकटीवरून सरपटलो, त्याला काय अर्थ आहे. आता लाकडाची खरी चौकट करून स्टुलांवर ठेवणार आहे आणि सौ.च्या गुडघ्यांना जमतं का ते बघणार आहे. नाही जमलं तर खिडकी मोठी आणि खाली एक पायरी.

एक अजून राहिलंय. गाडीच्या पुस्तकात ट्रेलरच्या समोरच्या बाजूचं क्षेत्रफळ किती चालतं यावरही मर्यादा दिलेली असते, असं मुलगा म्हणाला. सात फूट रुंद, साडेसहा फूट उंच म्हणजे ४५ चौरस फुटांचा वारा अंगावर. कोणाच्या गाडीच्या पुस्तकात हा आकडा दिलाय का, आणि टोकदार नाकाची काही सूट मिळते का? तो पान शोधतोय. तोवर ऑर्डर दिलेली नाही.