सहा चेहरे, सहा शब्द आणि फुकटचे पन्नास टक्के

आडवाट

राग, भीती, दुःख, किळस, आश्चर्य, आनंद हे सहा भाव जगातल्या कुठल्याही माणसाला चेहऱ्यावरून ओळखता येतात, असं मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बिनदिक्कत लिहिलेलं असतं. माझा आक्षेप या निष्कर्षामागच्या चाचणीच्या रचनेवर आहे. नेहमीची रचना अशी: अभिनय करून काढलेला फोटो दाखवायचा, खाली सहा शब्द द्यायचे आणि एक निवडायला सांगायचं. डोळे मिटून ठोकलं तरी १६.७ टक्के मिळतात, हे सगळे मान्य करतात. पण त्यापुढचा हिशेब कोणी करत नाही.

समजा, एखाद्याला फक्त दोनच गोष्टी कळतात: चेहरा हसरा आहे की नाही, आणि डोळे विस्फारलेत की नाही. सहांत हसरा एकच, म्हणजे आनंदाला १०० टक्के. विस्फारलेले डोळे भीती आणि आश्चर्य या दोघांत, म्हणजे ५०-५०. उरलेल्या तिघांत अंदाजपंचे, प्रत्येकी ३३. सरासरी काढा: ५० टक्के! राग, दुःख, किळस यांतला फरक अजिबात न कळता. मानसशास्त्रज्ञ जेम्स रसेल यांनी १९९३ साली रागाचा फोटो दाखवला, पण पर्यायांत 'राग' ठेवलाच नाही. बहुसंख्य लोकांनी बिनतक्रार 'तुच्छता' निवडली. शब्दांची यादीच उत्तर घडवते.

नेत्रपल्लवी

असहमत. हिशेब बरोबर आहे, पण तो शब्दांच्या यादीपुरता. एकमन आणि फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे जमातीच्या लोकांना यादी दिलीच नव्हती. १९७१च्या त्यांच्या निबंधात १८९ प्रौढ आणि १३० मुलं आहेत. छोटी गोष्ट सांगायची (घरात एकटा आहे, हाताशी सुरी-कुऱ्हाड काही नाही, दारात रानडुक्कर उभं आहे) आणि फोटोंतून चेहरा निवडायला सांगायचं. सिनेमा न पाहिलेल्या लोकांनीही बहुतेक चेहरे बरोबर जुळवले.

आडवाट

किती फोटोंतून ते लिहिलं नाहीत. प्रौढांना तीन, मुलांना दोन, म्हणजे नुसत्या अंदाजाचे ३३ आणि ५० टक्के. गोष्टीतच भावनेचं नावही होतं. आणि त्या रानडुकराच्या गोष्टीसोबत आश्चर्याचा चेहरा ठेवला की प्रौढांना भीतीचा चेहरा वेगळा काढता आला नाही. वरच्या हिशेबातली हीच ती ५०-५० जोडी!

खडूस मास्तर

अवांतर: उत्तर सुचवायची ही खोड जुनी आहे. डार्विनने १८६७ मध्ये परदेशी धाडलेल्या १६ प्रश्नांतला पहिलाच होता की, आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतात का, भुवया वर जातात का? उत्तर प्रश्नातच. 'हो' सोडून कोण काय लिहिणार?

नेत्रपल्लवी

बरं, मग शब्द पूर्ण बाजूला ठेवू. मेक्सिकोतल्या युकाटेक माया भाषेचे भाषक राग आणि किळस या दोन्ही चेहऱ्यांना एकच शब्द वापरतात. साउटर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या दोन चेहऱ्यांच्या मिश्रणांची साखळी बनवली आणि ती माया व जर्मन भाषकांना दाखवली. एक चित्र दाखवायचं, मग तेच आणि त्याच्या शेजारचं मिश्रण समोर ठेवून आधीचं कोणतं ते विचारायचं. जोडी राग-किळस सीमेच्या दोन बाजूंना असली की जर्मनांना फरक पटकन कळतो. माया भाषकांनाही कळला. शब्द नसताना सीमा आली कुठून?

आडवाट

हा पुरावा खरोखर जड आहे, नाकारत नाही. पण तो दोन चित्रांत फरक दिसतो एवढंच सांगतो, त्या फरकाचा अर्थ 'राग' लावला जातो हे नाही. नामिबियातल्या हिंबा जमातीच्या लोकांना २०१४ मध्ये ३६ फोटो दिले: सहा माणसं, प्रत्येकाचे सहा चेहरे. भावनेनुसार ढीग करा म्हटल्यावर हसरे एकत्र आले, विस्फारलेल्या डोळ्यांचे बहुतेक एकत्र आले आणि बाकीचे मिसळले. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअंड बेटांवर तर आपण ज्याला घाबरलेला म्हणतो तो आ वासलेला चेहरा धमकावणारा ठरला (२०१६).

चौकटराजा

जन्मांध खेळाडूंचा पुरावा विसरलात सगळे! २००४च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये ज्युदो हरलेल्या-जिंकलेल्या अंध खेळाडूंचे चेहरे डोळसांसारखेच होते. विषय संपला.

खडूस मास्तर

संपला कसा? ते चेहरा *करण्याबद्दल* आहे, इथे चाललंय ते *ओळखण्याबद्दल*. एक जन्मजात असून दुसरं शिकलेलं असू शकतं. या चर्चेचा निम्मा गोंधळ इथूनच येतो.

आपल्याकडचा दाखला कोणी दिला नाही म्हणून देतो. हाइट आणि केल्टनर यांनी १९९९ मध्ये भुवनेश्वर आणि अमेरिकेत तेच फोटो दाखवले, 'यातलं काहीच नाही' हा पर्यायही ठेवला. जीभ चावलेला चेहरा भुवनेश्वरला लाज म्हणून ओळखला गेला, अमेरिकेत नाही. मराठी माणसालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. बाकीच्या चेहऱ्यांतही काही दोन्हीकडे पक्के ओळखले गेले, काही जेमतेम, असा उतार दिसला. 'सार्वत्रिक की सांस्कृतिक' हा प्रश्न एकेका चेहऱ्यापुरताच विचारावा, सरसकट विचारण्यात अर्थ नाही.

मराठीत चाचणी करायची तर माझी मांडणी अशी. सहा भाव, प्रत्येकी दहा, एकूण ६० फोटो. चेहरे इथलेच, कारण आपल्या गटातले चेहरे सरासरी नऊ-एक टक्के जास्त ओळखले जातात (एल्फेनबाइन-अंबाडी, २००२). आधी ढीग करायला लावायचे, मग मोकळी उत्तरं, यादी सगळ्यात शेवटी. एकदा शब्द दिले की ते परत घेता येत नाहीत. मोकळ्या उत्तरांत 'रुसलाय', 'कुणाची तरी वाट बघतोय' असं येणारच. ते कुठल्या खान्यात टाकायचं हे आधी लिहून ठेवा, आणि वर्गवारी करणाऱ्या दोघांना फोटो दाखवू नका.

गुण देताना नुसती टक्केवारी नको. साठही फोटोंना 'राग' म्हणणाऱ्याला रागात १०० टक्के मिळतात! वॅग्नरचं सूत्र वापरा: बरोबर उत्तरांचा वर्ग, भागिले (त्या भावाचे फोटो गुणिले तो शब्द किती वेळा वापरला). इथे १०० भागिले ६००, म्हणजे ०.१७. फुगा फुटला.

नेत्रपल्लवी

मांडणी चांगली, पण ढिगांवर माझा विश्वास नाही. एखाद्याने माणसानुसार ढीग केले तर त्याला भाव दिसला नाही, की सूचना कळली नाही? गोष्ट किंवा सूचना स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, मगच पुढे जा.

आडवाट

आणि 'बरोबर' सांगेपर्यंत समजावत राहिलात की ती शिकवणीच झाली. हिंबांना भावनांचे आवाज ऐकवून केलेल्या अभ्यासांवरून संशोधकांच्या दोन गटांचं नेमकं यावरच वाजलं होतं. ही तपासणी शेवटी घ्या.

नेत्रपल्लवी

शेवटी चालेल. मग ज्यांना सूचना कळली नव्हती त्यांचे ढीग मोजायचे की वगळायचे, ते फोटो छापण्याआधी ठरवा. दोन्ही आकडे छापा म्हणेन मी.